चिमणीची मोजदाद : कसब्यातील वाड्यापासून शिवारापर्यंत

पुणे शहरातील सर्वांत जुनी वस्ती म्हणजे कसबा पेठ. मुठा नदीच्या उजव्या तीरावरील या वस्तीभोवती पुढे एकेक पेठ वसत गेली आणि गावाचे शहर झाले. ग्रामदैवत कसबा गणपती येथेच आहे, लाल महालाची जागा येथेच आहे, आणि तांबट आळी व कुंभारवाडा ही नावे येथील जुन्या कारागिरांची आठवण आजही देतात. या पेठेतील वाड्यांत माणसांच्या बरोबरीने आणखी एक बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. त्याने कधी भाडे दिले नाही आणि कोणी ते मागितलेही नाही. हे बिऱ्हाड चिमणीचे होय.

शहरातील एका पेठेतील चिमणीशी शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. ज्या कारणांनी कसब्यातील वाड्यांत चिमणीचा निवारा आणि चारा कमी झाला, तीच कारणे आता खेड्यातील घर, खळे आणि बांध यांनाही लागू होऊ लागली आहेत. म्हणून शहरात जे घडून गेले त्याचा अभ्यास खेड्यात वेळेवर उपयोगी पडण्यासारखा आहे.

जुन्या वाड्याची बांधणी पाहिली म्हणजे चिमणीची सोय कशी होत असे हे सहज ध्यानात येते. खाली दगडी जोते, त्यावर विटामातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, त्यांवर कडीपाट आणि शेवटी कौलारू छप्पर. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे थोडी फट राहतेच. वळचणीला कौलांखाली पोकळी असते. ओसरीतील तसबीर भिंतीला कललेली असल्याने तिच्या मागे हात जाईल एवढी जागा सुटते. चिमणीला यापेक्षा अधिक काही लागत नाही. चिऊकाऊच्या गोष्टीत चिमणीला स्वतःचे पक्के घर दिले आहे. प्रत्यक्षात ती घराच्या बाबतीत परावलंबी आहे. भोक दुसऱ्याने करून ठेवलेले असावे लागते. ती त्यात फक्त गवत, काथ्या, चिंध्या आणि पिसे भरते.

चाऱ्याचीही वाड्यात वाण नव्हती. चौकात धान्य निवडले आणि पाखडले जाई. सुपातून उडालेल्या कण्या आणि किडके दाणे अंगणात पडत. भांडी परसात घासली जात, तेथे शिते सांडत. गोठ्यात गाय असे. रस्त्यावर टांग्याच्या घोड्यापुढे चंदी ठेवलेली असे आणि तिच्यातील हरभरे खाली सांडत. शेणावर व लिदीवर किडे होत. परसात पारिजातक, पेरू, तुळस अशी झाडे असत व त्यांवर अळ्या असत. थोडक्यात, दाणा आणि किडा ही दोन्ही अन्ने भोकापासून फार तर शंभर पावलांवर मिळत.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेला महापूर आला. नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींची असंख्य घरे त्या पुरात पडली. तथापि सर्व दोष पुरावर टाकणे योग्य होणार नाही. त्यानंतरच्या दशकांत जे वाडे पुरातून वाचले होते तेही वाटण्या, जुनी भाडी आणि दुरुस्तीचा खर्च यांमुळे एकामागून एक पाडले गेले व त्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. नव्या इमारतीची भिंत गुळगुळीत, छत सपाट आणि खिडकी काचेची. तिच्यात माणूस अधिक सुखाने राहतो, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु तुळईच न उरल्याने तुळईच्या टोकाशी राहणारी फटही उरली नाही. धान्य निवडलेले व पाकीटबंद येऊ लागले. टांगे गेले, गोठे गेले. पारव्याला मात्र इमारतीचा सज्जा आणि वातानुकूलन यंत्राखालची जागा चांगलीच मानवली. तो मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी आहे, आणि उंच इमारत ही त्याच्या दृष्टीने कपारच होय.

चिमण्या कमी झाल्या असे पेठेतील कोणताही वृद्ध गृहस्थ सांगेल. हे सांगणे खोटे नाही, पण ते मोजमापही नाही. पेशव्यांच्या दप्तरात घोड्यांचा, दाणागोट्याचा आणि दक्षिणेचा हिशेब सापडतो. चिमणीचा हिशेब कोणी ठेवावा असे तेव्हा काही कारणच नव्हते. जे सर्वत्र असते त्याची नोंद कोणी करीत नाही, आणि ते नाहीसे होऊ लागले म्हणजे तुलनेसाठी मागचा आकडा हाती नसतो. पक्ष्यांच्या दीर्घकालीन अभ्यासातील सर्वांत मोठी अडचण हीच आहे.

असा आकडा हाती असला म्हणजे काय होते याचे उदाहरण लंडन शहरातील केन्सिंग्टन उद्यानात मिळते. तेथे १९२५ मध्ये मॅक्स निकल्सन या पक्षिशास्त्रज्ञाने बागेतील चिमण्या मोजल्या, त्या २,६०३ भरल्या. १९४८ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा ८८५ होत्या. १९७५ मध्ये ५४४. सन २००० मध्ये त्याच बागेत केवळ ८ चिमण्या आढळल्या. बाग तीच, मोजण्याची रीत तीच. म्हणून हे चार आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. त्यांतील पहिली उतरण घोडागाड्या जाऊन मोटारी आल्या त्या काळातील आहे. घोड्याची चंदी आणि लीद रस्त्यावरून गेली, तेव्हा तिच्यावर जगणारी चिमणीही कमी झाली असे अभ्यासक मानतात. दुसरी उतरण अधिक तीव्र आहे आणि तिचे कारण घोड्यांत शोधून चालत नाही.

भारतात अशी एकाच जागेची दीर्घ मोजणी दुर्मीळ आहे. म्हणून येथे वेगळ्या मार्गांनी जावे लागले. नाशिक येथील मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला व लोकांचे लक्ष या पक्ष्याकडे वळले. २०१२ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अन्य संस्थांच्या साहाय्याने देशभरातील नागरिकांना त्यांच्या भागातील आजच्या व पूर्वीच्या चिमण्यांविषयी विचारले. साडेपाच हजारांहून अधिक लोकांनी दहा हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. पूर्वी चिमण्या अधिक दिसत, आता कमी दिसतात, असाच त्या नोंदींचा एकूण सूर होता.

पुढे २०२० मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला देशव्यापी अहवाल प्रसिद्ध झाला. तो सुमारे पंधरा हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या एक कोटीच्या आसपास नोंदींवर आधारलेला होता. त्यात जे आढळले त्याने पुष्कळांना आश्चर्य वाटले. देशाचा एकंदर विचार करता मागील सुमारे पंचवीस वर्षांत चिमणीची संख्या स्थिर असल्याचे दिसून आले. मुंबईसह सहा मोठ्या महानगरांत मात्र ती घटत असल्याचे आढळले.

मग लोकांची आठवण चुकीची की मोजणी चुकीची? दोन्हींपैकी एकही चुकीची मानण्याचे कारण नाही. आठवण चाळीस-पन्नास वर्षे मागे जाते, मोजणी पंचवीसच वर्षे मागे जाते. मोठी घट त्याआधीच झाली असेल तर ती मोजणीत येणारच नाही. शिवाय ज्यांना विचारले त्यांपैकी बरेच लोक शहरांत राहणारे होते. आठवण सांगणारा मनुष्य बहुधा आपल्या बालपणीच्या घराविषयी सांगत असतो, आणि ते घर तर पाडले गेलेले असते. खेडोपाडी चिमणी अद्याप टिकून आहे, ही यातून निघणारी आशेची बाब आहे. परंतु ती टिकलेली आहे म्हणजे टिकेलच, असा अर्थ कोणी काढू नये. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या गेल्या, असे सर्वत्र बोलले जाते. तसे अद्याप सिद्ध झालेले नाही. सिद्ध न झालेल्या कारणामागे लागल्याने हाताशी असलेल्या कारणांकडे दुर्लक्ष होते.

हाताशी असलेली कारणे दोन आहेत : भोक आणि पिलाचे अन्न. पहिल्या कारणावर प्रकाश टाकणारी एक हकीकत थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ते लहान असताना, तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे होते. मादी अंड्यांवर बसे आणि नर बाहेर पहारा करी. बंदूक हाती आलेल्या त्या मुलाने पहाऱ्यावरचा नर मारला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर झाला. अशा रीतीने सात दिवसांत एकाच भोकापाशी आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी जागा भरून निघाली. आज असा प्रकार कोणी करू नये हे सांगणे नलगे. पण त्या मुलाने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या या नोंदीचे मोल मोठे आहे. जेथे भोके थोडी आणि अन्न भरपूर, तेथे जागेची वाट पाहणारे पक्षी आसपास असतात. एक गेला तर दुसरा येतो. मात्र भोकच बुजविले तर वाट पाहणाऱ्याला येण्यासाठी जागाच उरत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. चिमणी फार दूर जात नाही. ज्या वस्तीत ती जन्मते तिच्या एक-दोन किलोमीटरच्या परिसरात बहुतेक चिमण्यांचे आयुष्य सरते. म्हणून एका आळीतील थवा संपला तर लांबच्या गावाहून चिमण्या येऊन ती आळी लवकर भरून निघत नाही.

दुसरे कारण शेतकऱ्याच्या अधिक जवळचे आहे. मोठी चिमणी दाणे खाते. पिलू दाण्यावर जगू शकत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस त्याला मऊ किडे, अळ्या, मावा, नाकतोड्याची पिले असेच अन्न लागते. चिमणी एका वेळी बहुधा तीन ते पाच अंडी घालते, ती सुमारे बारा दिवसांत उबतात आणि पिले आणखी दोन आठवड्यांनी घरटे सोडतात. या दोन आठवड्यांत नरमादी दिवसभर किडे वेचून आणीत असतात. इंग्लंडातील लेस्टर शहरात झालेल्या अभ्यासात, जेथे किडे कमी तेथे अधिक पिले घरट्यातच उपाशी मरतात, असे दिसून आले. नेमक्या या पंधरवड्यात आसपासच्या साऱ्या पिकांवर कीटकनाशक मारले गेले, तर मोठ्या चिमण्या दाणे खाऊन जगतात, पिले मरतात, आणि गावात चिमण्या तर दिसतच असतात. घट दोन-तीन वर्षांनी, म्हाताऱ्या चिमण्या संपल्या म्हणजे कळते.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. ज्वारी-बाजरीचे कणीस चिकात आले की थवेच्या थवे उतरतात. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराला चिमणीचे गुणगान ऐकवून उपयोग नाही. कणीस पोसण्याच्या दोन-तीन आठवड्यांत राखण केलीच पाहिजे. मात्र राखण करणे वेगळे आणि पक्ष्याचा नायनाट करणे वेगळे. चीनमध्ये १९५८ साली चिमणीला धान्याचा शत्रू ठरवून ती देशभर मारण्याची मोहीम हाती घेण्यात आली. तेथील चिमणी आपल्या चिमणीची जवळची बहीण होय. पुढे शास्त्रज्ञांनी चिमण्यांची पोटे तपासून ती किडेही मोठ्या प्रमाणात खाते हे दाखवून दिले, पिकांवर किडींचा उपद्रव वाढल्याचे दिसले, आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव त्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

खेड्यातील बदल आता पाहू. धाब्याच्या आणि कौलारू घरांच्या जागी पत्र्याची व स्लॅबची घरे येत आहेत. मळणी यंत्राने होते, त्यामुळे खळ्यावर सांडणारा दाणा कमी झाला. बांध अरुंद होत आहेत. त्यांवरील बाभळ, बोर, घाणेरी आणि निवडुंग काढून तारेचे कुंपण घातले जाते. चिमण्या रात्री ज्या काटेरी झुडपात एकत्र विसावा घेतात तेच नेमके पहिले तोडले जाते. यांतील प्रत्येक बदलामागे शेतकऱ्याची खरी गरज आहे आणि कोणीही त्याला जुन्या घरात परत जा असे म्हणू नये. परंतु स्लॅबच्या घराला सज्जाखाली एक खोके किंवा मडके टांगण्यास पैसा लागत नाही. गावच्या कुंभाराकडून लहान मडके घेऊन त्याच्या बाजूला सव्वा ते दीड इंच व्यासाचे भोक ठेवावे. भोक याहून मोठे झाले तर साळुंकी शिरते. मडके दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा बाजूस, मांजराला पोहोचता येणार नाही असे टांगावे. घरात पंखा फिरत असेल तेथे टांगू नये. विषारी औषध चोळलेले बियाणे पेरताना जमिनीवर उघडे पडू देऊ नये, सांडले तर लगेच मातीआड करावे. फवारणी कीड नुकसानीच्या पातळीवर गेली असेल तरच करावी; हा सल्ला चिमणीसाठी नवा दिलेला नाही, पिकाच्या खर्चासाठीही तो पूर्वीपासूनच दिला जातो.

आता चिमणीवरून रानातील पाखरांकडे वळले म्हणजे मोजदादीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. ज्या दख्खनच्या मुलखात कसबा पेठ वसली आहे त्या मुलखातील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केली. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली होती. माणसे, पिके आणि बाजारभाव मोजता मोजता त्याने पक्षीही पाहिले व १८३२ मध्ये दोनशेहून अधिक जातींची यादी प्रसिद्ध केली. झुडपांतून शेपटी उभारून वटवट करणारा राखी वटवट्या हा चिमुकला पक्षी शास्त्राला त्यानेच प्रथम सांगितला. साइक्सने संख्या दिली नाही, जाती दिल्या. तरीही जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी येथे काय होते हे त्यामुळे कळते.

या वटवट्याचे नशीब चिमणीहून निराळे निघाले. त्याला भोक लागत नाही. दोन-चार पाने शिवून तो झुडपात घरटे करतो. बाग, शेताचा बांध, ओढ्याकाठ, काहीही त्याला चालते. २०२३ च्या देशव्यापी अहवालात संख्या वाढत असलेल्या पक्ष्यांत पारवा, कोकीळ आणि मोर यांच्याबरोबर राखी वटवट्याचेही नाव आहे. त्याच अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्याचे आढळले. ज्यांना एकाच प्रकारचे रान किंवा माळ लागतो त्या घटतात. ज्या कोठेही भागवून घेतात त्या वाढतात. २०२० च्या अहवालात केवळ पश्चिम घाटातच आढळणाऱ्या १२ जातींची एकत्र संख्या २००० सालापासून सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्याचे नोंदविले होते. हा उतार कसब्यात बसून कोणाला दिसणार नाही. पण कसब्याजवळून वाहणारी मुठा ज्या डोंगरांतून येते त्याच सह्याद्रीच्या रांगांतील हा हिशेब आहे. मुळशी, मावळ आणि भोर भागांतील देवरायांत दाट सावलीतील स्वर्गीय नर्तक, निळा माशीमार यांसारखी पाखरे आजही आसरा घेतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल दाखवून दिले होते. देवाच्या नावाने राखलेली चार एकर झाडी, मंदिराच्या नव्या सभामंडपासाठी मोकळी करण्यापूर्वी ग्रामस्थांनी दोनदा विचार करावा.

तांबट आळीचा उल्लेख वर आला आहे. तांब्यावर पडणाऱ्या हातोडीसारखा टुक् टुक् असा एकसुरी आवाज काढणाऱ्या हिरव्या पक्ष्यालाही मराठीत तांबट म्हणतात. तो वठलेल्या फांदीत स्वतः चोचीने भोक पाडतो. चिमणीला जे जमत नाही ते त्याला जमते, पण वठलेली फांदी कोणी तोडली नसेल तरच.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात ही मोजदाद सुरू करणे कठीण नाही. गावात एक वाट निवडावी : चावडी, पाणवठा, खळे, शाळा आणि वस्तीचा शेवट अशी साधारण एक किलोमीटरची. महिन्यातून एकदा, सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने, त्या वाटेने संथपणे जावे आणि दिसलेल्या चिमण्या मोजाव्यात. गळ्याखाली काळा डाग असलेला तो नर, मातकट रंगाची ती मादी; दोन्ही वेगळे लिहिता आले तर उत्तम. मोठा थवा असेल तर प्रथम दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात ते पाहावे आणि त्यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधावा. असा आकडा अंदाजाचा असल्याचे शेजारी लिहावे. तारीख, निघण्याची वेळ, लागलेला वेळ आणि आभाळाची स्थिती यांची नोंद करावी. घरटी असलेली घरे आणि रात्रीच्या विसाव्याची झाडे वर्षातून एकदा वेगळी मोजावीत. शाळेतील सातवीची मुले हे काम उत्तम करतात. त्यांची नजर मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवते, तिच्यात हे आकडे दरवर्षी उतरवून घ्यावेत, म्हणजे कार्यकर्त्याची बदली झाली तरी ते गावात राहतात. पुढच्या वर्षी वाट बदलू नये, वेळ बदलू नये, आणि अधिक चिमण्या दिसाव्यात म्हणून मुद्दाम दाणे टाकलेल्या जागी मोजू नये.

ज्या दिवशी एकही चिमणी दिसली नाही त्या दिवशीचा रकाना कोरा सोडू नये. तेथे स्पष्टपणे ० लिहावे. कोरा रकाना म्हणजे त्या दिवशी मोजणी झाली नाही, असे पुढे वाचणारा समजतो.